चूक ज्याची त्यालाच सापडू द्या : स्टुडिओत चित्रकला शिकवणाऱ्यांसाठी

नव्याने शिकवायला लागलेल्या चित्रकारांना मी आधी एकच नियम सांगते: विद्यार्थ्याच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. मुलगी तासभर एका नाकाशी झगडत असते, तिचं काय चुकतंय ते आपल्याला दुरूनच दिसत असतं, हात शिवशिवत असतो. तरीही नाही. आपण दोन रेघांत नाक सरळ करून दिलं की ते नाक आपलं होतं. तिच्या हाती काहीच लागत नाही, आणि पुढच्या वेळी अडलं की ती वस्तूकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघायला लागते. वर्षभर असं चाललं की टीचर शेजारी उभ्या असताना उत्तम काम करणारी आणि एकटी पडली की गांगरून जाणारी मुलं तयार होतात.

मग शिक्षकाने करायचं काय? चूक विद्यार्थ्याला स्वतःला दिसेल अशी खोली लावायची, तसा उजेड द्यायचा, तसे प्रश्न विचारायचे. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एकाच कामासाठी आहे. मी फोंडा तालुक्यात शिकवते. माझ्याकडची मुलं बहुतेक बारावीच्या आसपासची, आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात प्रवेश हवा म्हणून येणारी. काही तिथे शिकत असताना लाइफ ड्रॉइंगचा, म्हणजे समोरच्या माणसाला बघून चित्र काढण्याचा, हात पक्का करायला येतात. त्यामुळे उदाहरणं सगळी इथलीच. तुम्ही सावंतवाडीत किंवा बेळगावात शिकवत असाल तर वस्तू बदला, पद्धतीला काही होत नाही.

उजेड

पुस्तकांत लिहिलेलं असतं की स्टुडिओची खिडकी उत्तरेला हवी, म्हणजे थेट ऊन येत नाही आणि सावल्या दिवसभर जागच्या जागी राहतात. ही पुस्तकं युरोपात बसून लिहिलेली आहेत. पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचा सूर्य तर मार्चअखेरपासूनच उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे उन्हाळी सुट्टीतले वर्ग भरतात नेमके त्या दिवसांत आपल्या उत्तरेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आत येते आणि अर्ध्या तासात वस्तूवरची सावली हलते. मुलगा बिचारा सावलीच्या मागे धावत राहतो आणि शेवटी त्याच्या चित्रात दोन वेगवेगळ्या वेळांच्या सावल्या एकत्र येतात.

उपाय साधा आहे. खिडकीला आतून मांजरपाटाचा पांढरा पडदा लावा किंवा काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवा. पावसाळ्यात उजेड सारखा कमी-जास्त होतो, तेव्हा खिडकी सरळ बंद करा आणि एकच दिवा वापरा: डावीकडून, वरून, साधारण पंचेचाळीस अंशांत. दिवा लावला की बाकीच्या ट्यूबलाइट बंद. हे मी मुद्दाम सांगते, कारण बहुतेक वर्गांत दोन्ही भिंतींवर ट्यूब जळत असतात आणि मधल्या टेबलावर माठ ठेवलेला असतो. त्या माठाला चार बाजूंनी चार फिकट सावल्या पडतात. अशा उजेडात छायांकन शिकता येतच नाही, आणि दोष मात्र मुलांच्या पदरात पडतो. रंगकामाचा वर्ग असेल तर पिवळा बल्ब नको, 5000 केल्व्हिनच्या आसपासचा पांढरा एलईडी घ्या आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर आहे ना, ते वाचून घ्या. नाहीतर दिव्याखाली जमलेला तांबडा बाहेर उन्हात विटकरी निघतो.

बोर्ड कसा धरायचा

मांडीवर बोर्ड आडवा ठेवून काढलेलं चित्र लगेच ओळखू येतं. ते भिंतीवर उभं लावलं की वरचा भाग ताणल्यासारखा दिसतो, डोकं लांबुळकं होतं. कागद आडवा असला की त्याचा पलीकडचा भाग डोळ्याला आखूड दिसतो, म्हणून मूल नकळत तो लांबवतं. बोर्ड नजरेच्या रेषेला काटकोनात आला की हा दोष आपोआप जातो. त्यासाठी ईझल हवा किंवा डाँकी (ज्यावर बसून पुढे बोर्ड टेकवतात तो बाक). तेही नसेल तर खुर्चीच्या पाठीला बोर्ड टेकवून चालतं.

उजव्या हाताच्या मुलाची वस्तू त्याच्या बोर्डाच्या डाव्या बाजूला दिसली पाहिजे, डावऱ्याची उजव्या. मान न वळवता नुसते डोळे हलवून वस्तू आणि कागद दोन्ही दिसायला हवेत. मान वळवताना पाहिलेलं अर्धं विसरलं जातं. आणि दर वीस मिनिटांनी सगळ्यांना उठवून दहा पावलं मागे जायला लावा. मी घड्याळ लावून हे करते. पहिले काही दिवस मुलं कंटाळतात, मग मी सांगायच्या आधीच उठायला लागतात.

समई

पहिली वस्तू म्हणून मी समई देते. प्रत्येकाच्या घरी ती असते, जन्मापासून डोळ्यांसमोर असते, आणि म्हणूनच कोणी ती नीट पाहिलेली नसते.

समई स्टुलावर अशी ठेवायची की तिचा मधला भाग बसलेल्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येईल. मग बहुतेक कागदांवर काय होतं ते बघा. वरची तबकडी लंबगोल काढलेली असते, कारण ती गोल आहे हे माहीत आहे. मधल्या कड्या सगळ्या एकाच मापाच्या. आणि बूड चपटं, पट्टीने आखल्यासारखं सरळ, कारण समई जमिनीवर सपाट बसते हेही माहीत आहे. तिन्ही ठिकाणी मुलाने माहिती काढली आहे, दिसलं ते काढलेलं नाही.

इथे व्याख्यान देऊ नका. एक कांकण द्या. हात लांब करून ते डोळ्यासमोर आडवं धरायला सांगा, बरोबर नजरेच्या रेषेत. गोल नाहीसा होतो, फक्त एक रेघ उरते. आता कांकण हळूहळू खाली न्यायचं. गोल उघडत जातो, जितकं खाली तितका जास्त. पुन्हा वर, डोक्याच्याही वर: आता गोल उलट्या बाजूने उघडतो, पुढची कड वर जाते. हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचं, शेजाऱ्याचं बघून नाही. झालं की एकच प्रश्न: समईचं बूड तुझ्या डोळ्याच्या वर आहे की खाली? मुलगा समईकडे बघतो, कांकणाकडे बघतो आणि खोडरबर उचलतो. त्या क्षणी तिथून निघून पुढच्या ईझलकडे जायचं. वर्गातला सगळ्यात मोलाचा धडा तो होता आणि चूक काय ते आपल्याला सांगावं लागलं नाही.

आठवड्याभराने मुलांना म्हार्दोळला महालसेच्या देवळात नेते. तिथे अंगणात पितळेची उंच समई आहे, चक्रावर चक्र चढत गेलेली. तिच्या पायाशी बसलं की जवळजवळ सगळी चक्रं डोळ्याच्या वर येतात आणि जसजसं वर जावं तसतसे गोल जास्त उघडे दिसतात. स्टुडिओत बहुतेक गोल डोळ्याच्या खालचे पाहिलेले असतात, इथे ते उलटे होतात. देवळात आधी विचारून घ्या, प्रदक्षिणेच्या वाटेवर बसू नका, आणि निघताना खोडरबराची भुकटी झाडून घ्या. ही शिस्त चित्रकलेच्याच शिक्षणाचा भाग आहे असं मी मानते.

समईचा कणा उभा आहे की झुकला आहे हे तपासायला ओळंबा लागतो. गवंड्याकडे असतो तोच, फक्त लहान: हातभर दोरा आणि टोकाला लोखंडी नट. प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेटीत तो असायलाच हवा. एक डोळा मिटून दोरा वस्तूसमोर धरला की काय कशाच्या बरोबर खाली येतं ते कळतं. लाइफ ड्रॉइंगमध्ये याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. उभ्या माणसाच्या मानेच्या खड्ड्यातून दोरा सोडला आणि तो वजन पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ उतरला नाही, तर कागदावरचा माणूस पडणार.

पेन्सिलने माप घेताना कोपर ताठ हवं, एवढीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. कोपर वाकलं की प्रत्येक माप वेगळं येतं. आणि माप सेंटिमीटरचं घ्यायचं नाही, नात्याचं घ्यायचं: रुंदी उंचीत किती वेळा बसते.

बोलायचं काय

«हात लांब झालाय» असं सांगितलं की मुलगा हात आखूड करतो. बरोबर करतो असं नाही, आखूड करतो. त्याऐवजी विचारा: कोपर कमरेच्या वर आहे की खाली? कानाची खालची पाळी नाकाच्या कुठल्या भागाशी येते? या दोन सावल्यांत जास्त काळी कुठली? ज्याचं उत्तर वस्तूकडे पाहिल्याशिवाय देता येणार नाही, तो प्रश्न चांगला. «तुला काय वाटतं?» हा प्रश्न सुरुवातीच्या महिन्यांत नको. मुलं आपल्या तोंडाकडे बघतात आणि आपल्याला काय ऐकायचं असेल ते बोलतात.

«टीचर, हें सारकें जायना» (हे नीट होत नाही) हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं. मी म्हणते, कुठे सारकें जायना, तिथे बोट ठेव. सगळ्या चित्रावरून हात फिरवला तर आपण थांबायचं, पुन्हा विचारायचं. शेवटी एका जागी बोट टेकतंच. जागा सापडली की मग ओळंबा, माप, आरसा यातलं काय वापरायचं ते तोच ठरवतो.

आरसा आठवणीने ठेवा. चित्राकडे पाठ करून आरशात पाहिलं की झुकलेला चेहरा, वर-खाली झालेले डोळे लगेच टोचतात. आरसा नसेल तर चित्र उलटं टांगा.

काही वेळा दाखवावंच लागतं. तेव्हा वेगळ्या कागदावर दाखवा, किंवा चित्रावर ट्रेसिंग पेपर टाकून त्यावर. समजलं की तो ट्रेसिंग मी परत घेते, नाहीतर मुलं तो खाली ठेवून गिरवतात.

कौतुकही नेमकं हवं. «छान» म्हटल्याने मुलाला आनंद होतो, पण काय जपायचं ते कळत नाही. «या बाजूची कड तू सोडून दिलीस म्हणून भांडं मागच्या कापडात मिसळलं» असं म्हटलं की ती सोडलेली कड त्याच्या लक्षात राहते आणि पुढच्या चित्रात तो ती जाणूनबुजून सोडतो.

एका मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या घरी गणपतीची चित्रशाळा, लहानपणापासून चिकणमातीत हात. प्लास्टरच्या मुखवट्याचं छायांकन करताना त्याने सगळा गाल बोटाने घासून एकसारखा धुरकट करून टाकला होता. बोटाने घासणं माझ्याकडे पहिलं वर्षभर बंदच आहे, पण ते सांगून त्याचा गाल सुधारला नसता. मी त्याला माती दिली आणि म्हटलं, गाल कर. त्याने न बघता केला. अंगठा गालाच्या हाडावरून खाली उतरला आणि जबड्यापाशी वळला. म्हटलं, अंगठा जिथे वळला तिथे मातीत नखाने खूण कर. तीन खुणा झाल्या. तो मुखवट्याकडे परत गेला आणि त्याला त्या तीनही जागी सावली बदलताना दिसली. आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या हातांना घडण माहीत असते. माटोळी (चवथीला गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधणाऱ्या, नरकासुराचा सांगाडा तारेने आवळणाऱ्या, शिगम्याच्या चित्ररथाला रंग देणाऱ्या मुलांना आकार शून्यापासून शिकवायची गरज नसते. त्यांच्या हाताला जे येतं ते डोळ्यापर्यंत आणून द्यायचं असतं. प्रवेशाच्या दिवशी मी प्रत्येकाला आधी हेच विचारते की घरी, वाड्यावर हाताने काय काय केलं आहेस.

पांढरी भिंत आणि तांबडी माती

छटा शिकवायला पहिल्यांदा तीनच द्या: उजेड, मधला, गडद. पाच नंतर, नऊ त्याच्याही नंतर. डोळे किलकिले करून बघायची सवय लावा, तपशील गळून पडतात आणि मोठे तुकडे उरतात.

मग भर उन्हात बाहेर न्या. चुना लावलेल्या घराची सावलीतली भिंत आणि तिच्यासमोर उन्हात तापलेला चिऱ्याचा गडगा. विचारा, यातलं काळं काय? शंभरातले नव्वद जण गडगा म्हणतील, कारण चिरा तांबडा-काळपट आणि चुना पांढरा हे डोक्यात पक्कं आहे. आता काळ्या कार्डाला पेन्सिलीच्या जाडीचं भोक पाडून त्यातून आधी भिंत आणि मग गडगा पाहायला सांगा. भोकातून रंगाचा नुसता ठिपका दिसतो, वस्तूचं नाव दिसत नाही. सावलीतला चुना उन्हातल्या चिऱ्यापेक्षा गडद निघतो. हे पाहून मुलं खरोखर थक्क होतात.

त्याच भिंतीवर अजून एक धडा आहे. सावली निळसर असते असं मुलं कुठून तरी शिकून आलेली असतात आणि सरसकट निळा लावतात. आपल्याकडची जमीन तांबडी. उन्हात ती जमीन खालून भिंतीवर रंग फेकते. बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) छताची खालची बाजू, भिंतीचा जमिनीलगतचा हातभर पट्टा सावलीत असूनही गुलाबी-नारिंगी दिसतो. वर जिथे भिंतीला आकाश दिसतं तिथे सावली गार होत जाते. एकाच सावलीत दोन रंग. पावसाळ्यात जमिनीवर गवत चढलं की तोच पट्टा हिरवट होतो. शक्य असेल तर एकच भिंत मेमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये रंगवून घ्या.

याच सुमारास मी मुलांना दोन चित्रकार पाहायला पाठवते. आंतोनियो झेवियर त्रिंदाद सांग्याचे, जन्म 1870, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकवत. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फोंतेन्यासमधल्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे. तैलरंगातली व्यक्तिचित्रं, युरोपीय पद्धतीवरची पक्की हुकमत. दुसरे आंजेलो द फोन्सेका, 1902 साली सांतइस्तेव्हला जन्मले, शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी चित्रात येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली. त्यांचं काम पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. दोघांची चित्रं एकाच आठवड्यात दाखवा. एकाने उजेड-सावलीतून देह उभा केला, दुसऱ्याने रेषा आणि पातळ थरांतून. दोन्ही बरोबर आहेत. मुलांना वाटत असतं की टीचर शिकवतात ती एकच रीत खरी, तो समज इथे मोडतो. जाताना वही घेऊन जायची, मोबाइल खिशात, आणि एकाच चित्रासमोर निदान अर्धा तास बसायचं. जायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या.

आपल्याकडचे आणखी मोठे चित्रकारही सांगा. लक्ष्मण पै मडगावचे, 1977 ते 1987 कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. फ्रान्सिस न्यूटन सोझा साळगावचे. वासुदेव गायतोंडेंचे आईवडील गोव्याचे. शेजारच्या गावचा माणूस इथपर्यंत पोचला हे मुलांना कळायलाच हवं. पण सोझांची जाड काळी रेष सुरुवातीलाच दाखवू नका. मुलं ती उचलतात आणि निरीक्षण टाळायला वापरतात.

बाहेर पडताना

माड, समुद्र आणि सूर्यास्त या तीन गोष्टी माझ्या वर्गात पहिलं वर्ष बंद. पांढरी इगर्जही (चर्च). पर्यटकांसाठी छापलेली चित्रं मुलांनी इतकी पाहिलेली असतात की माडासमोर बसवलं तरी ती छापील माडच काढतात. त्याऐवजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात न्या. वर्तमानपत्री कागदाचा गठ्ठा, जाड चारकोल आणि एका चित्राला अर्धा मिनिट ते दोन मिनिटं. तोंड, बोटं काही नको, फक्त वजन कुठे आहे ते पकडायचं: पाटी उचलताना कंबर कशी जाते, वाकून मासळी निवडणाऱ्या बाईचा खांदा कुठे येतो. विचारल्याशिवाय समोर बसू नका, आणि तिच्याकडून काहीतरी विकत घ्या. तिचा धंद्याचा वेळ आपण घेतो आहोत.

यथार्थदर्शनासाठी (पर्स्पेक्टिव्हसाठी) फोंड्याची साफा मशीद, 1560 सालची. तिच्या शेजारच्या तळीच्या चिऱ्याच्या पायऱ्या क्षितिजरेषा शोधायला फार चांगल्या. वरच्या पायरीवर बसून एक चित्र, खालच्या पायरीवर बसून दुसरं. जागा बदलली की सगळ्या रेषा बदलतात हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

रिवणजवळ उसगळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेले बैल, हरणं आणि गोल गोल फिरत जाणारी एक रेषा आहे. तिथे नेते त्या दिवशी पेन्सिल-रबर घरी ठेवायला लावते, फक्त ब्रश आणि शाई. दगडात कोरणाऱ्याला खोडायची सोय नव्हती. कोरीवकामावर पाय देऊ नये आणि खडूने रेषा भरू नयेत हे गाडीतच सांगून ठेवा.

मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावीचं काम पाहता येतं. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा, अशी ती पद्धत. वर्गात हे सोपं करून घेता येतं: पुठ्ठ्यावर पांढऱ्या प्रायमरचे दोन थर, ते वाळल्यावर गेरूचा एक, तो पुरता वाळायच्या आत कंपासच्या टोकाने खरवड. जे काढून टाकतो तेच चित्र होतं, त्यामुळे वस्तूभोवतीच्या रिकाम्या जागेचा आकार मुलांच्या हाताला समजतो. तासभर बोलूनही तो समजत नाही.

पावसाळा

अभ्यासक्रम ऋतूप्रमाणे लावा. जून ते सप्टेंबर बाहेर फारसं जाता येत नाही आणि जलरंग वाळत नाही. मग वाळण्याची वाट बघत बसू नका, ओल्यावर ओला रंग सोडायचं तंत्र नेमकं याच महिन्यांत शिकवा. हवाच मदत करते, कागद बराच वेळ ओला राहतो. थरावर थर देण्याचं काम डिसेंबरसाठी ठेवा.

कागद मेमध्ये वर्षभराचा भरून ठेवू नका. दमट हवेत कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच न शोषू देणारा लेप, जातं आणि मग रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन डाग पडतात. मुलांना वाटतं आपलाच वॉश (पातळ रंगाचा थर) चुकला. लागेल तेवढाच आणा, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवला की मागून बुरशी धरते, चार बोटं अंतर सोडा. जलरंगाला 300 जीएसएमचा जाड कागद घ्यायला लावा. महाग पडतो हे खरं, पण पातळ कागद पाण्याने फुगतो आणि मूल रंगाऐवजी फुगवट्याशी लढत बसतं. परवडत नसेल तर तोच कागद चार तुकडे करून वापरा, मोठा हलका कागद घेण्यापेक्षा ते बरं.

चवथीला वर्ग बंद असतो, पण माटोळीचा गृहपाठ असतो. सुपारीचा घड, तोरिंजन, चिबूड, कवंडळं, घागऱ्या: एवढे वेगवेगळे पृष्ठभाग एका चौकटीत पुन्हा वर्षभर मिळणार नाहीत. कवंडळाच्या तुकतुकीत तांबड्यावर चमक कुठे पडते आणि तोरिंजनाच्या खरबरीत सालीवर ती का पसरते, हे शेजारी शेजारी दिसतं. खालून वर पाहत काढायचं असल्याने कांकणाचा धडाही तिथे कामी येतो. घरात पाहुणे, आरत्या, गडबड. त्यातून रोज वीस मिनिटं काढायची ही सवयसुद्धा लागते.

तैलरंग सुरू केलेत तर दोन गोष्टींत ढिलाई नको. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाका. आणि टर्पेंटाइन उघडं असेल तेव्हा पावसातही खिडकी उघडी हवी. चहाचा कप रंगाच्या टेबलावर येता कामा नये.

भिंतीवर चित्रं लावून

पंधरवड्यातून एकदा सगळी चित्रं नावं झाकून भिंतीवर लावतो. ज्याचं चित्र आहे त्याने आधी गप्प राहायचं. बाकीच्यांनी फक्त दिसतं ते सांगायचं: नजर पहिल्यांदा कुठे जाते, मग कुठे वळते, कुठे अडते. आवडलं, नाही आवडलं हे शब्द पहिल्या फेरीत कोणी वापरायचे नाहीत. मग चित्रकाराने आपल्याला काय करायचं होतं ते सांगायचं. त्याला हवं होतं ते आणि इतरांना दिसलं ते, यांतलं अंतर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर येतं. शिक्षकाने सर्वांत शेवटी बोलायचं आणि थोडं बोलायचं. आपण आधी बोललो की बाकीचे आपलंच वाक्य फिरवून म्हणतात. जी मुलं तोंड उघडत नाहीत त्यांना चिठ्ठीवर लिहू द्या. गप्प मुलांची निरीक्षणं बऱ्याचदा सगळ्यांत बारीक असतात. एका चित्राला सात-आठ मिनिटं द्या, आणि वेळ संपली तर उरलेली चित्रं पुढच्या वेळी आधी घ्या, उरकू नका.

प्रत्येक कागदावर मागे तारीख घालायला लावा आणि एकही टाकू देऊ नका. आईवडील «पोर सुधारतंय का?» असं विचारायला येतात तेव्हा मी काही बोलत नाही, त्यांच्या मुलीलाच जून आणि जानेवारीचे कागद काढून दाखवायला सांगते. काय बदललं ते तीच सांगते, आणि ते सांगता येणं ही माझ्या लेखी परीक्षा असते.

वर्षाच्या शेवटी एक काम द्या. विद्यार्थ्याने वस्तू स्वतः आणायच्या, मांडायच्या, दिवा स्वतः लावायचा, बसायची जागा स्वतः ठरवायची. चित्र पूर्ण झाल्यावर त्याने कागदाच्या मागे आपल्याला दिसलेल्या तीन उणिवा लिहायच्या आणि प्रत्येक उणीव कशाने सापडली तेही: ओळंब्याने, आरशाने, मागे जाऊन पाहिल्याने. तोवर तुम्ही त्या चित्राबद्दल काही बोलायचं नाही, विचारलं तरी नाही. तुम्हाला दिसलेली यादी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि मग दोन्ही याद्या घेऊन त्याच्यासोबत बसा. तुमच्या यादीत असलेलं आणि त्याच्या यादीत नसलेलं जे असेल तिथून पुढच्या वर्षीचा अभ्यास आखा. या कामाला पूर्ण दोन आठवडे द्या. एका आठवड्यात मुलं मांडणीतच अडकतात आणि तपासायला वेळ उरत नाही.